चालत्या संगणकाला बाद कोण ठरवते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले. दुसऱ्या दिवशी घरोघरचे जुने संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. तरी त्या तारखेपासून दुकानदार, घरातली तरुण मंडळी आणि पडद्यावर उमटणाऱ्या सूचना, सगळे एकच सांगू लागले, की हा आता बदला. विंडोज ११ फुकट मिळते खरे, पण ते चढवायला मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, काही मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. म्हणजे २०१८ च्या सुरुवातीला कोणी दुकानातून सातव्या पिढीचा चांगला आय-फाइव्ह घेतला असेल, तर तो आठव्या वर्षीच बाद ठरला. अशा वेळी घरातले वडीलधारे 'आम्हाला यातले काही कळत नाही' म्हणून सगळा दोष स्वतःकडे घेतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. घरचा संगणक बदलताना होणारा जवळजवळ प्रत्येक त्रास कोणीतरी, कुठेतरी, जाणूनबुजून घेतलेल्या निर्णयातून येतो. निर्णय घेणारा एक असतो आणि त्याचा खर्च भरणारा दुसरा. हे एकदा ध्यानात आले, की काय बदलायचे, काय राखायचे आणि जाब कोणाला विचारायचा, हेही ठरवता येते.

संगणक झिजतो का? झिजतो, पण थोडा. फिरणारी हार्ड डिस्क काही वर्षांनी दगा देते, पंख्यात धूळ साठते, प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळतो, तारीख-वेळ लक्षात ठेवणारी बटणासारखी बॅटरी संपते. यातला एकही भाग असा नाही जो बदलता येत नाही. 'कॉम्प्युटर फार स्लो झालाय' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा जुनी हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम असते. तिथे एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली, की तेच यंत्र पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला, इंटरनेट पाहायला पुरून उरते. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो. म्हणजे झीज हे बदलण्याचे मुख्य कारण नाही. चिपची अट तरी पूर्णपणे तांत्रिक म्हणावी का? विंडोज ११ बाजारात आले तेव्हा टीपीएमची जुनी १.२ आवृत्ती असलेल्या, यादीबाहेरच्या संगणकांवर ते कसे चढवायचे, याची आडवाट मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून दिली होती. ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरा, अशी ताकीदही सोबत होती. पुढे ती माहिती काढून टाकण्यात आली. जे यंत्र ही प्रणाली चालवू शकते त्याला ती द्यायची नाही, हे कंपनीचे धोरण झाले. धोरणामागे कारणे असू शकतात, पण ते यंत्राचे म्हातारपण नव्हे.

यावर सर्वांत भारी आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो हलक्यात घेऊन चालणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांचे काम त्याने ठप्प केले. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती चढवली नव्हती ते बळी पडले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, त्यामुळे एक्सपीसाठी दुरुस्ती खुली झाली ती हल्ला झाल्यावर. तेव्हा अपडेट बंद झालेला संगणक इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण या आक्षेपातून 'यंत्र बदला' हा निष्कर्ष निघत नाही, 'अपडेट द्या' हा निघतो. आणि अपडेट तयार होतच आहेत. कंपन्यांना आणि संस्थांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट पैसे मोजून तीन वर्षे, ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेता येतात. घरगुती ग्राहकाला मात्र एकच वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तेही ३० डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवायला तयार झाल्यास. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना क्लाउडची ती अट नाही, नुसते खाते जोडले की झाले. म्हणजे दुरुस्ती लिहिली जाते, तपासली जाते, वाटलीही जाते. कोणाला किती काळ आणि कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर ग्राहक कुठे राहतो, त्याच्या मागे कायदा किती भक्कम आहे, यावर ठरते.

बरे, नवा संगणक आणला. त्याचे बिल हा खर्चाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग सामान हलवताना कळतो. जुन्या संगणकाबरोबर आलेले विंडोज किंवा ऑफिस बहुधा त्याच यंत्राशी बांधलेल्या परवान्याचे असते, ते नव्यावर नेता येत नाही. पूर्वी विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली, खाती, सेटिंग्ज नेण्याची सोय अंगभूत होती. केबलने किंवा बाहेरच्या डिस्कवरून काम व्हायचे. विंडोज १० मध्ये ती काढून टाकली. आताची वाट मुख्यतः कंपनीच्या क्लाउडमधून जाते आणि तिथे फुकट जागा ५ जीबी. वीस वर्षांचे लग्न-मुंजीचे फोटो त्यात कुठून मावणार? शिवाय नव्या विंडोजच्या सेटअपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर क्लाउडला जोडले जाण्याची शक्यता दाट असते. मग जागा संपल्याच्या सूचना येऊ लागतात आणि फाइल नक्की कुठे आहे, घरच्या डिस्कवर की परदेशातल्या सर्व्हरवर, हेच समजत नाही. अनेक नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होते. चोरी झाली तर हे उपयोगी आहे. पण किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते आणि ते खाते कोणी उघडून दिले, पासवर्ड काय ठेवला, हे सहा महिन्यांनी घरात कोणालाच आठवत नसेल, तर मदरबोर्ड बिघडल्यावर डिस्क धडधाकट असूनही तिच्यातले काही हाती लागत नाही. छपाईची आणखी एक तऱ्हा. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते. ज्या जुन्या प्रिंटर-स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच राहिला, तो दणदणीत चालत असूनही नव्या संगणकाला अनोळखी ठरतो.

मराठी घरांत मात्र सर्वांत खोल जखम वेगळ्याच ठिकाणी होते, आणि तिच्याविषयी इंग्रजी सल्ला-लेखांत एक ओळ सापडणार नाही. नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे महाराष्ट्रात जे मराठी संगणकावर उमटले त्याचा फार मोठा भाग श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव किंवा पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम अशा व्यवस्थांत टाइप झाला आहे. घरी बसून डीटीपीची कामे घेणाऱ्या बायका, दिवाळी अंकांचे संपादक, ज्ञातिसंस्थांचे चिटणीस, प्रबंध लिहिणारे प्राध्यापक, कुळाचा इतिहास जमवणारे निवृत्त गृहस्थ या सगळ्यांचे काम त्यात आहे. नव्या संगणकावर ती फाइल उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली असे वाटते. ती खराब झालेली नसते. या व्यवस्थांत मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेच जात नव्हते. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात फाइलीत बसतो. फाँट त्या प्रत्येक अक्षरावर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी यांची चित्रे चढवतो. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. दुसऱ्या फाँटमध्ये त्याच जागांवर वेगळीच चित्रे असतात, म्हणून एका फाँटचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. शिवाय महागड्या पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे खोचायचा डोंगल यायचा. त्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही. जुना डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचा असेल, तर नव्या यंत्रात तो खोचायला भोकच नसते.

यावर उपाय म्हणून रूपांतराची साधने आहेत, फुकटही मिळतात. ती मजकूर युनिकोडमध्ये आणतात आणि बहुतांश बरोबर आणतात. पण उरलेल्या चुका निस्तरायला माणूसच बसावा लागतो. कृतिदेवमध्ये 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर साठवला जातो, कारण दिसायला वेलांटी आधी असते. युनिकोडमध्ये क आधी येतो. 'कर्म' मधला रफार जुन्या फाइलीत म नंतर असतो, युनिकोडमध्ये म च्या आधी र् म्हणून. साधन हे क्रम उलटेपालटे करून लावते, जोडाक्षरांची गर्दी झाली की कुठेतरी चुकते. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले साधन असेल, तर मराठीची खास अक्षरे आधी बळी पडतात. सह्याद्रीच्या 'दऱ्या' 'दर्या' होतात आणि डोंगरांच्या जागी समुद्र येतो. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले तर मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे दिसत आले आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधी तयार झालेली साधने ते अ आणि चंद्र असे तुटक लिहितात आणि मग फाइलीत 'ॲड' शोधला तर सापडत नाही. तीनशे पानांचे पुस्तक अशा तऱ्हेने पुन्हा वाचून काढायचे, म्हणजे मुद्रितशोधनाचे अख्खे काम नव्याने करायचे. हे काम कोण करणार, कधी करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे संगणकाच्या बिलात कुठेच नसते.

इथे कोणी म्हणेल, की युनिकोड १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने घडवलेला मंगल फाँट तिच्यासोबत होता. मग लोकांनी तेव्हाच का नाही तो वापरला? ऐकायला हे रास्त वाटते, पण त्या काळचे काम ज्यांना माहीत आहे त्यांना पटणार नाही. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची, तेव्हा ती सुरू व्हायची. त्याहून मोठी अडचण छपाईची. महाराष्ट्रातला डीटीपीचा धंदा पेजमेकरवर उभा होता आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच कळली नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवण्याची उघड सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. म्हणजे दहा-बारा वर्षे असे चालले, की ज्याला पुस्तक छापायचे त्याला जुन्याच फाँटची पायरी चढावी लागे. लोक अडून बसले नव्हते. छापखान्यात चालेल ते त्यांनी वापरले. पुढे इनडिझाइनच्या नंतरच्या आवृत्त्यांनी पेजमेकरच्या फाइली उघडणेही सोडून दिले, म्हणजे ज्या दाराने या फाइली बाहेर येऊ शकल्या असत्या ते दारही लागले. या साखळीत मराठी लिहिणाऱ्या माणसाने घेतलेला चुकीचा निर्णय मला कुठे दिसत नाही.

दुसरा नेहमीचा सल्ला, लिनक्स टाका. तो चांगला आहे आणि जास्त घरांनी ऐकावा असे मला मनापासून वाटते. लिनक्स मिंट किंवा उबुंटू विंडोज ११ ने नाकारलेल्या संगणकावर सहज चालते, अपडेट फुकट मिळतात, लिब्रेऑफिसमध्ये मराठी उत्तम लिहिता येते. ज्या घरी संगणक म्हणजे ब्राउझर, पत्रे आणि फोटो, तिथे नवे यंत्र घेण्याची गरजच उरत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे शिकवून दाखवले आहे, म्हणजे हे काही तज्ज्ञांपुरते नाही. पण ज्याचे टॅली विंडोजवर आहे, ज्याच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर विंडोजपुरताच मिळतो, ज्याचे मराठी पॅकेज डोंगलवर चालते, त्याला हा सल्ला अर्धाच उपयोगी पडतो. त्यालाच नेमकी सर्वांत जास्त अडचण असते. राहिला 'सगळे मोबाइलवर होते की आता' हा युक्तिवाद. फोटो पाहणे, बिल भरणे मोबाइलवर होते. दोनशे पानांची संहिता तपासणे, संस्थेचा ताळेबंद मांडणे मोबाइलवर करून पाहावे, म्हणजे संगणक का लागतो ते कळेल.

मग घरी काय करावे? सर्वांत आधी घाई टाळावी. जुना संगणक नवा आल्याच्या दिवशीच भंगारात देऊ नये. त्याचे इंटरनेट काढावे. नेटला न जोडलेल्या यंत्राला अपडेट बंद झाल्याचा धोका फारसा उरत नाही. डोंगल, जुने फाँट आणि पेजमेकर जिथे चालू आहे असे ते एकमेव ठिकाण असू शकते. त्यावर बसून प्रत्येक मराठी फाइलीची आधी पीडीएफ करावी, फाँट आत बसवून. अशा पीडीएफमधला मजकूर शोधता येत नाही, कॉपी केला तर पुन्हा कचराच हाती येतो, पण पान जसे होते तसे दिसते आणि पुढे रूपांतर तपासायला मूळ प्रत म्हणून उपयोगी पडते. मग मजकूर युनिकोडमध्ये आणावा. सगळा एकदम नको, ज्याची खरोखर गरज आहे तो. कोणती फाइल कोणत्या फाँटची, याची एक यादी साध्या वहीत लिहून ठेवावी, कारण फाँटचे नाव हरवले की रूपांतर अंदाजपंचे होते. आउटलुकमधली टपाल घरच्या डिस्कवर एकाच मोठ्या फाइलीत असते, ती डॉक्युमेंट्समध्ये दिसेलच असे नाही. ती मुद्दाम शोधून घ्यावी. नव्या यंत्राची कूटबद्धतेची किल्ली कागदावर उतरवून पासबुकाशेजारी ठेवावी. आणि जुने यंत्र शेवटी देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी. नुसते फॉरमॅट मारल्याने त्यातले सगळे पुसले जात नाही.

एवढे करून जो खर्च उरतो, तो ग्राहकाने निमूट सोसावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकाने बाजारात आणलेल्या मालाच्या प्रमाणात कचऱ्याचा पुनर्वापर झाल्याचा दाखला द्यावा लागतो. पण तो वजनाचा हिशेब आहे. माल किती वर्षे वापरण्याजोगा ठेवला, याचा हिशेब त्यात नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. अशा वेळी चालते यंत्र कचऱ्यात ढकलणारा निर्णय आणि कचरा उचलण्याची जबाबदारी यांची सांगड घालायला हवी. कंपन्या म्हणतील, जुन्याला जन्मभर सांभाळत बसलो तर नवे करणार कधी? जन्मभर कोणी मागत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट सक्तीचे केले आहेत आणि तरीही नवे फोन निघतच आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंचे सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील ते विक्रीच्या वेळी जाहीर करावे लागते. मात्र साधे डेस्कटॉप आणि लॅपटॉप त्यातून वगळले आहेत. म्हणजे संगणकाच्या बाबतीत ही जागा तिथेही रिकामीच आहे. भारतात वेष्टणबंद वस्तूवर कमाल किंमत आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापणे बंधनकारक आहे. संगणकाच्या खोक्यावर त्याच चौकटीत आणखी एक ओळ यायला हवी, या यंत्राला सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत मिळतील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा हा विषय सरकारदरबारी पोहोचला आहे. ग्राहक पंचायतींनी तो तिथून उचलावा आणि पहिली मागणी त्या तारखेची करावी.